टिकावाचा दांडा आणि मिलिंगचा स्पिंडल

कोडोलीच्या शिवारात काय किंवा वारणेच्या काठच्या दुसऱ्या कुठल्याही गावात काय, ज्याच्या घरी टिकाव नाही असा शेतकरी विरळाच. हा टिकाव एकदा निरखून पाहावा. त्याच्या दांड्याला खिळा नसतो, स्क्रू नसतो. दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतो, आणि टिकावाचे भोकही त्याच बेताने एकीकडे थोडे रुंद केलेले असते. बारीक टोक वरून घालायचे, टिकाव जाड टोकापाशी जाऊन अडकतो. माती खणताना जितके जोराने घाव घालाल तितका तो आणखी घट्ट होतो. आणि काढायचा झाला तर? टिकाव वर धरून दांड्याचे बारीक टोक दगडावर दोनदा आपटले की तो खाली सरकून सुटा होतो. कोणत्या टोकाला ठोकायचे हे पोरालाही ठाऊक असते. उलट्या बाजूने ठोकीत बसलात तर दिवसभर ठोका, तो अधिकच रुतेल.

आजच्या भाषणाचा विषय मिलिंग यंत्राचा आहे आणि सुरुवात टिकावाने केली, याचे नवल वाटू देऊ नका. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत वाठारच्या फाट्यावरून रोज कामाला जाणारी पोरे जुन्या मिलिंग मशीनवर उभी राहतात, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न येतो. कटर धरणारा होल्डर यंत्राच्या स्पिंडलमध्ये इतका घट्ट बसतो की निघता निघत नाही. नाहीतर नवा आणलेला होल्डर अर्ध्यावरच अडतो आणि आत जात नाही. "मेस्त्री, ह्यो सुटंना," असे पोरगे म्हणते, आणि मग हातोडा निघतो. हातोड्याआधी काय पाहायचे ते यंत्राच्या इतिहासात लिहिलेले आहे, असे माझे म्हणणे आहे. होल्डर घट्ट बसणे हा काही यंत्रांचा दोष आहे आणि काही यंत्रांचा गुणच आहे. आपल्यापुढचे यंत्र कोणत्या जातीचे, हे आधी ओळखले पाहिजे.

मिलिंग म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर असते. मिलिंगमध्ये उलट. अनेक दातांचा कटर फिरतो आणि टेबलावर बांधलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. सपाट पृष्ठभाग करणे, चर पाडणे, गिअरचे दात कापणे ही याची कामे. विहिरीवर किंवा नदीकाठी ज्यांनी ऑइल इंजिन चालवले आहे त्यांना त्याचे जड फ्लायव्हील आठवत असेल. ते शाफ्टवर एका लांबट पोलादी चावीने धरलेले असते. त्या चावीसाठी शाफ्टमध्ये जो चर असतो तो मिलिंगचा. चर वाकडा किंवा सैल निघाला तर चावी ढिली होते, फ्लायव्हील डुलू लागते, आणि ऐन उन्हाळ्यात उसाचे पाणी थांबते. म्हणून होल्डर नीट बसला की नाही, ही गोष्ट यंत्रशाळेच्या भिंतीआडच राहत नाही. चार मैलांवरच्या मळ्यापर्यंत ती पोचते.

अमेरिकेत बंदुकांच्या कारखान्यांत 19 व्या शतकाच्या पूर्वार्धात मिलिंग यंत्रे वापरात आली. परंतु आज आपण जे ओळखतो त्या सर्वकामी मिलिंग यंत्राचा जन्म 1862 सालचा. त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. बंदुकीच्या ठिणगीच्या टोपीखाली जो छोटा पोलादी भाग असतो त्याला बारीक भोक पाडावे लागे, आणि त्यासाठी पिळाचे ड्रिल लागे. हे ड्रिल कसे बनत असे? गोल पोलादी सळईवर कारागीर गोल कानशीने हाताने पिळाचा चर घाशीत असत! फ्रेडरिक हाऊ नावाच्या कारखाना-व्यवस्थापकाने ही अडचण प्रॉव्हिडन्स गावच्या जोसेफ ब्राऊनपुढे मांडली. ब्राऊन हा मुळात घड्याळे आणि मोजमापाची साधने बनवणारा माणूस. त्याने असे यंत्र रचले की टेबल तिरके वळावे, जॉब सरकता सरकता फिरावा आणि पिळाचा चर आपोआप कापला जावा. ब्राऊन अँड शार्प या नावाच्या कंपनीचे ते यंत्र पुढे जगभर गेले.

त्याच सुमारास स्टीफन मोर्स या दुसऱ्या अमेरिकन माणसाने पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले. ते साल 1863. ड्रिल यंत्रात धरायचे कसे? त्याने ड्रिलचा दांडा निमुळता केला आणि स्पिंडलचे भोकही तसेच निमुळते ठेवले. हाच तो 'मोर्स टेपर'. आज कुठल्याही गावातल्या वेल्डिंगच्या दुकानामागे उभ्या असलेल्या जाड ड्रिल मशीनमध्ये तुम्हांला तो सापडेल. एक फूट लांबीत त्याची जाडी साधारण 5/8 इंचाने कमी होते. म्हणजे उतार विसात एकाच्या आसपास. उतार इतका मंद असला की घर्षणच त्याला धरून ठेवते. खाली बोल्ट नको, वर पाचर नको. टिकावाच्या दांड्याचा नेमका हाच न्याय. काढण्यासाठी स्पिंडलला आडवी खाच असते. तीत पाचरीसारखी चपटी पट्टी, जिला ड्रिफ्ट म्हणतात, घालून हलका ठोका दिला की ड्रिल खाली पडते. म्हणजे मोर्सचा दांडा घट्ट बसला तर तो आपले काम चोख करतो आहे. त्याला दोष देऊन चालणार नाही.

इथे एक गंमत आहे, आणि ती शिक्षकांनी वर्गात सांगण्यासारखी आहे. मोर्सचे नंबर 0 पासून 7 पर्यंत. सर्वांचा उतार एकच असायला हवा होता, पण तसा नाही. 2 नंबरचा उतार फुटाला 0.599 इंच, 3 नंबरचा 0.602, 4 नंबरचा 0.623, 5 नंबरचा 0.632. प्रत्येक नंबर थोडा निराळा! पण तोवर लाखो ड्रिले आणि हजारो यंत्रे या मापांची होऊन गेली होती. मग वेडीवाकडी मापेच प्रमाण ठरली. गावच्या वाकड्या वाटेवर घरे बांधली गेली की वाट सरळ करता येत नाही, त्यातला हा प्रकार. पुढे जार्नो नावाचा एक सुटसुटीत टेपर निघाला. त्याचा उतार सर्व नंबरांना एकच, आणि नंबर कळला की जाडी-लांबी तोंडी काढता येते. शहाणपणाचा होता, पण फारसा चालला नाही.

ब्राऊन अँड शार्पने आपल्या मिलिंग यंत्रांसाठी तिसराच उतार धरला होता, फुटाला अर्धा इंच, म्हणजे चोवीसात एक. (त्यातही 10 नंबर वेगळा!) हा तर मोर्सहून मंद, म्हणजे आणखी चिकट. मिलिंगमध्ये मागून लांब बोल्टने होल्डर ओढून धरतात. त्याला ड्रॉबार म्हणू. मंद उतार, वर ड्रॉबारची ओढ, आणि दिवसभर कटरचे हादरे. संध्याकाळी होल्डर जणू स्पिंडलचाच भाग होऊन बसे. अमेरिकेतल्या कारखान्यांतही यावर हातोडेच चालत. शेवटी 1927 साली तिथल्या मिलिंग यंत्रांच्या कारखानदारांनी एकत्र येऊन नवा टेपर ठरवला. उतार चोवीसात सात, फुटाला साडेतीन इंच. इतका उभा उतार स्वतःहून धरतच नाही. धरण्याचे काम ड्रॉबारचे, फिरवण्याचा जोर घेण्याचे काम स्पिंडलच्या तोंडावरच्या दोन चाव्यांचे, आणि टेपरचे काम फक्त होल्डर मधोमध आणून बसवणे. ड्रॉबार ढिला केला की होल्डर सुटलाच पाहिजे. 30, 40, 50 असे त्याचे आकडे. 40 नंबरचे तोंड 44.45 मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंच. आजच्या संगणकावर चालणाऱ्या पुष्कळ यंत्रांतही हाच चोवीसात सातचा उतार आहे. मोर्सच्या वेड्यावाकड्या मापांपेक्षा या एका सभेने जगाचे जास्त भले केले, असे मला वाटते.

आता आपल्याकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घरोघर पोचवला, हे शाळेतली मुलेही सांगतील. कोल्हापूरची रीत मात्र जरा निराळी होती. पाहायचे, उघडायचे, मापे घ्यायची आणि बनवायचे! बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीने 1918 साली याच गावात चित्रपटाचा कॅमेरा घडवला, आणि त्यावर काढलेला 'सैरंध्री' 1920 मध्ये पडद्यावर आला. याच रीतीने पुढे इथल्या मेस्त्र्यांनी ऑइल इंजिने उघडली, दुरुस्त केली आणि मग स्वतः ओतली. पंचगंगेच्या आणि वारणेच्या काठी ऊस वाढला, गुऱ्हाळे वाढली, पाणी उपसायला इंजिने हवी होती. गिऱ्हाईक दाराशी होते.

पण इंजिन बनवायला यंत्रे लागतात. ती कुठून आली? देशात यंत्रे बनवणारे कारखाने थोडे आणि उशिरा. हरिहरचा मैसूर किर्लोस्कर 1941 चा, बंगळूरचा हिंदुस्थान मशीन टूल्स 1953 चा, तिथलाच भारत फ्रिट्झ वर्नर 1961 चा. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारच्या डिस्पोजल खात्याने लष्करी सामान विकायला काढले. त्यात यंत्रेही होती. शिवाय मुंबईच्या जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या कारखान्यांतून यंत्रे येत. एक इंग्लंडचे, दुसरे अमेरिकेचे, तिसरे जर्मनीचे. एकाच्या स्पिंडलमध्ये मोर्स, दुसऱ्यात ब्राऊन अँड शार्प, तिसऱ्यात विसात एकचा मेट्रिक टेपर, चौथ्यात 1927 चा नवा. यंत्राबरोबर होल्डर येतच असे असे नाही आणि पुस्तक तर नाहीच. त्यात भर म्हणजे मापांचा बदल. 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, 1957 च्या एप्रिलात नवा पैसा आला, आणि पुढच्या काही वर्षांत बाजारात मिलिमीटरचे बोल्ट मिळू लागले. यंत्रे मात्र इंचातली ती इंचातलीच राहिली.

या बोल्टापायी किती होल्डर बिघडले त्याची गणती नाही. 40 नंबरच्या अमेरिकन होल्डरचे आटे 5/8 इंचाचे, एका इंचात 11. बाजारातला मेट्रिक बोल्ट 16 मिलिमीटरचा. जाडी जवळजवळ सारखी. 5/8 इंच म्हणजे 15.88 मिलिमीटर. म्हणून तो घुसतो. पण त्याच्या दोन आट्यांतले अंतर 2 मिलिमीटर, आणि इंचाच्या आट्यांचे 2.3. दोन-तीन फेरे बरे जातात आणि मग जाम. पोराला वाटते, होल्डर पूर्ण ओढला गेला. वास्तविक बोल्टच अडकलेला असतो आणि टेपर अजून बसलेलाच नसतो! इंग्रजी व्हिटवर्थ बोल्टची तऱ्हा याहून फसवी. 5/8 इंचाला त्याचेही आटे इंचात 11 च. फरक आट्याच्या कोनाचा, 55 अंश आणि 60 अंश. तो शेवटपर्यंत जातो, पण कुरकुरत जातो आणि आटे खातो. तेव्हा होल्डर घट्ट जातोय अशी तक्रार आली तर पहिल्याने ड्रॉबार बाहेर काढावा, होल्डर हातात घ्यावा आणि बोल्ट नुसत्या बोटांनी त्यात फिरवून पाहावा. बोटांनी शेवटपर्यंत गेला तर तो निर्दोष.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी. एकच होल्डर घट्ट जातो की सगळेच? एकच असेल तर खोड होल्डरात. सगळेच असतील तर स्पिंडलमध्ये. ज्या होल्डरची शंका आहे त्यावर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात लांबीच्या दिशेने फिरवावा, तो हाताने आत बसवून किंचित वळवावा आणि काढून पाहावा. रंग सगळीकडे सारखा पुसला तर टेपर जुळला. फक्त स्पिंडलच्या तोंडाशी पुसला तर होल्डरचा उतार स्पिंडलहून उभा आहे. ब्राऊन अँड शार्पच्या भोकात मोर्सचा दांडा घातला की असे होते. फक्त आतल्या बारीक टोकाशी पुसला तर त्याच्या उलट. दोन्ही वेळी होल्डर हाताला घट्ट लागतो. पण ते घट्टपण खोटे. तो एका कड्यात अडकलेला असतो, कटर थरथरतो आणि चर रुंद निघतो. आणि रंग एका ठिपक्यावरच पुसला तर तिथे बर उठलेला आहे. होल्डर कधीतरी फरशीवर पडला असेल. तेवढाच उंचवटा बारीक तेलदगडाने उतरवावा. स्पिंडलच्या आत मात्र एमरी कागद गुंडाळलेली काठी फिरवू नये. ते भोक कडक करून मग ग्राइंड केलेले असते. एकदा अंडाकृती झाले की कोल्हापुरात काय, कुठेही परत करणे सोपे नाही. रॉकेलात भिजवलेले स्वच्छ फडके पुरे.

आणखी एक जात सांगतो, कारण ती आपल्याकडच्या शेडांत बरीच दिसते. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावी 1938 साली उभ्या डोक्याचे एक सुटसुटीत मिलिंग यंत्र निघाले आणि त्याच्या धर्तीची यंत्रे पुढे अनेक देशांत बनली. त्यातल्या होल्डरला आर-8 म्हणतात. त्याचा खालचा भाग उभ्या उताराचा, पण वरचा भाग सरळ गोल, सुमारे 0.949 इंचाचा. हा होल्डर घट्ट गेला तर पुष्कळदा टेपरचा काही संबंध नसतो. वरचा सरळ भागच एखाद्या हजारांशाने जाड असतो, किंवा स्पिंडलच्या आतली छोटी खुंटी वाकून होल्डरच्या खाचेला घासत असते. बॅटरी घेऊन आत पाहावे, खुंटी लगेच दिसते.

आता न सुटणाऱ्या होल्डरकडे येऊ. मोर्स किंवा ब्राऊन अँड शार्प असेल तर तो धरणारच. पण चोवीसात सातचा होल्डर सुटत नसेल तर काहीतरी बिघडले आहे हे नक्की. बहुतेक वेळा कारण उष्णता असते. यासाठी बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको. लोखंडी धाव शेणकुटांच्या जाळात लाल करतात, ती फुगते, मग चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. आकसली की लाकूड करकचून आवळते. साखर कारखान्यातल्या चरकाच्या रोलरचे बिडाचे कवचही असेच तापवून पोलादी शाफ्टवर चढवलेले असते. दिवसभर चालून स्पिंडल तापलेला असतो. त्यात पेटीतला गार होल्डर घालून ड्रॉबार पिळला आणि यंत्र बंद करून घरी गेलो, तर रात्रीत स्पिंडल आकसतो. सकाळी होल्डरभोवती धाव बसलेली! दुसरे कारण गंजाचे. टेपर नीट न बसता हादरत राहिला तर दोन पोलादांच्या मध्ये तांबूस भुकटी तयार होते आणि तीच त्यांना सांधते. काढलेल्या होल्डरवर असे तांबूस डाग दिसले तर समजावे की तो पहिल्यापासून नीट बसलेलाच नव्हता.

सुटण्याची रीत अशी. ड्रॉबार पूर्ण काढू नये. दोन फेरे ढिला करावा, म्हणजे होल्डर सुटला तरी कटरासकट टेबलावर कोसळणार नाही. मग ड्रॉबारच्या डोक्यावर पितळी किंवा शिशाच्या हातोडीने एकच नेमका ठोका द्यावा. टिकावाच्या दांड्याचे बारीक टोक जसे दगडावर आपटतो तसे. सुटला तर सुटला. नाही सुटला तर ठोक्यांची संख्या वाढवू नये. कारण तो धक्का जातो कुठे? स्पिंडल ज्या बेअरिंगवर फिरतो त्यांच्या गोळ्यांवर आणि रोलरांवर. ते आपल्या वाटेत बारीक खळगे पाडतात, आणि तिथून पुढे यंत्र गुरगुरायला लागते. कितीही ग्रीस घाला, ते गुरगुरणे जात नाही. एका होल्डरसाठी स्पिंडल घालवला, असे जुने मेस्त्री म्हणतात ते हेच. जुन्या यंत्राची बेअरिंगे मिळणे हा तर वेगळाच वनवास.

हट्टी होल्डरला उष्णतेनेच सोडवावे. धाव काढायची तर तापवायची धावच, चाक नव्हे. कटर काढून घ्यावा, ड्रॉबार पुन्हा हाताने लावावा आणि यंत्र अर्धा तास मोकळे चालवावे. बेअरिंगांच्या ऊबेने स्पिंडल तापतो. मग थांबवून होल्डरच्या बाहेर राहिलेल्या भागाला बर्फात किंवा गार पाण्यात पिळलेले फडके दोन-तीन मिनिटे धरावे, ड्रॉबार दोन फेरे ढिला करावा आणि तोच एक ठोका. वेल्डिंगची ज्योत मात्र स्पिंडलजवळ आणू नये. पोलादाची कडकी जाते आणि बेअरिंगचे ग्रीस जळते.

ज्या शेडांत संध्याकाळी दिवा मालवण्यापूर्वी होल्डर काढून, टेपर पुसून, तेलाचे बोट फिरवून पेटीत ठेवण्याची चाल आहे, तिथे हे सगळे करावेच लागत नाही. आणि त्याच वेळी स्पिंडलच्या बाजूला रंगाने लिहून ठेवावे: टेपर कोणता, नंबर कोणता, ड्रॉबारचे आटे इंचाचे की मिलिमीटरचे. यंत्र विकत घेताना हे ज्याला माहीत होते तो मेस्त्री बहुधा आता हयात नसतो; ज्या पोराला उद्या त्यावर उभे राहायचे आहे त्याच्यासाठी तीन ओळी पुरतात.